वैशाखात पडलेलं जळण

एप्रिल संपत आला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पिवळी हेल्मेटं घातलेली टोळी उतरते. एक जण हायड्रॉलिक शिडीच्या पाळण्यात, दोघं खाली दोर धरून, एक शिट्टी फुंकत गाड्या थोपवणारा. यंत्रकरवत घरघरते, फांदी कडाडते, दोरावर हेलकावे खात खाली येते, आणि पाहता पाहता फुटपाथवर हिरवा ढीग उभा राहतो. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. वादळात फांदी कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून ती करावीच लागते. एकट्या मुंबईच्या गेल्या वृक्षगणनेत 29 लाख 75 हजारांच्या घरात झाडं मोजली गेली. त्यातल्या थोड्याशाच झाडांना कुऱ्हाड लागली तरी ढीग केवढा होत असेल, याचा अंदाज यावा.

त्या ढिगाकडे सोसायटीचा सेक्रेटरी कचरा म्हणून पाहतो आणि तो कधी उचलला जाईल म्हणून वॉर्ड ऑफिसला फोन लावत बसतो. पलीकडच्या बांधकामावर पत्र्याच्या खोपटात राहणारी बाई त्याच ढिगाकडे सरपण म्हणून पाहते आणि तिन्हीसांजेला पदर खोचून एक मोळी बांधून नेते. दोघांचंही बरोबर आहे. कोण किती बरोबर, हे त्या लाकडातलं पाणी ठरवतं. पण पाण्याकडे वळण्याआधी त्या ढिगाचं वजन कुठून आलं ते पाहू, कारण खरी नवलाई तिथे आहे.

बहुतेकांना वाटतं, झाड मातीतून वाढतं. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याने हे तपासून पाहायचं ठरवलं. त्याने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाडाचं वजन भरलं 169 पौंड, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर तिच्यात घट होती जेमतेम दोन औंसांची. म्हणजे हे लाकूड मातीतून आलेलं नाही हे उघड झालं. हेल्माँटने निष्कर्ष काढला की सगळं झाड पाण्याचंच बनलंय.

गंमत अशी की याच माणसाने दुसऱ्या एका प्रयोगात 62 पौंड कोळसा जाळला आणि उरली फक्त एक पौंड राख. बाकीचे 61 पौंड एका अदृश्य, भांड्यात कोंडून न राहणाऱ्या ‘रानटी’ वस्तूच्या रूपाने उडून गेले असं त्याने लिहिलं, आणि अशा वस्तूंना त्याने ‘गॅस’ हे नाव दिलं. तेच नाव आपण आज स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा घेतो. कोळशातून उडून गेलेला तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आणि विलोच्या झाडाने पाच वर्षं पानांवाटे ओढून घेतला तोही तोच. कोड्याची दोन्ही टोकं या गृहस्थाच्या हातात होती, गाठ मात्र त्याच्याकडून मारली गेली नाही. त्याचं लेखन 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, मुलाने छापलं. ती गाठ बसायला पुढे दीडशे वर्षं लागली.

आता हाच हिशेब आपल्या फुटपाथवरच्या ढिगाला लावू. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. एक किलो कोरडं लाकूड तयार करायला झाडाला सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. पण हवेत तो आहे किती? एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो काटक्यांसाठी झाडाने सुमारे 2,400 घनमीटर हवा कणकण गाळून काढली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा जवळजवळ 85 खोल्यांमधली हवा! तीही रस्त्यावरच्या धुरात उभं राहून. बसच्या नळकांड्यातून, वडापावच्या गाडीवरच्या शेगडीतून, आपल्या नाकातोंडातून निघालेला वायू त्या फांदीत लाकूड होऊन बसलेला असतो. हे जोडकाम करायला लागणारी शक्ती उन्हाची. काडी ओढली की तेच सगळं उलट फिरतं. वायू हवेत परततो, आणि ऊन, इतकी वर्षं अडकून पडलेलं, बाहेर येतं.

ते किती येतं? ऊर्जा मोजतात मेगाज्यूलमध्ये. एक मेगाज्यूल म्हणजे दहा लिटरच्या बादलीतलं पाणी 24 अंशांनी तापवायला लागेल तेवढी. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत अशी 18 ते 20 मेगाज्यूल असतात. इथे एक गोष्ट सांगितली तर जुनी जाणती माणसंही मान डोलावत नाहीत: हा आकडा बाभळीला जवळपास तेवढाच आणि काटेसावरीलाही जवळपास तेवढाच. बाभूळ चांगली जळते, सावर फुकट जाते, हा अनुभव खोटा नाही. पण तो आकारमानाचा आहे. बाभळीचं लाकूड घट्ट, सावरीचं भेंडासारखं हलकं. तेवढ्याच चुलीत बाभळीचं वजन दुपटीहून जास्त मावतं आणि निखारा टिकतो. किलोला किलो तोलून जाळलं तर दोघी बहिणी. म्हणून शहरात मिळणारी फांदी रेनट्रीची आहे की गुलमोहराची की सोनमोहराची, याची चिंता कमी करावी. चिंता करायची ती पाण्याची.

ताज्या कापलेल्या फांदीच्या वजनात साधारण निम्मं पाणीच असतं. अशी फांदी विस्तवात सारून तिच्या दुसऱ्या टोकाकडे बघत बसावं. एक टोक जळत असतं आणि दुसऱ्या, थंड टोकावर बारीक बुडबुडे येऊ लागतात, फेस जमतो, सूं सूं असा आवाज होतो, वाफेची पिसं निघतात. लाकडाच्या आत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बारीक बारीक नळ्या असतात. कालपर्यंत त्या नळ्यांतून मुळांनी ओढलेलं पाणी चौथ्या मजल्याच्या खिडकीपाशी हलणाऱ्या पानापर्यंत चढत होतं. आता आग मागून रेटते आहे आणि तेच पाणी त्याच नळ्यांतून बाहेर पळतं आहे.

त्या पाण्याची वाफ करण्यात ऊर्जा खर्ची पडते. ताजं लाकूड जाळलं तर किलोमागे हाती लागतात जेमतेम 8 मेगाज्यूल. तेच वाळवून ओलावा 20 टक्क्यांवर आणला तर किलोमागे 14. पण खरं नुकसान या वजाबाकीत दिसत नाही. ते समजायला लाकूड जळतं म्हणजे काय होतं ते बघावं लागतं.

लाकूड तसं थेट जळतच नाही. तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं की आधी पाणी जातं. दोनशे-अडीचशेच्या पुढे लाकडाचे घटक तुटू लागतात आणि त्यांचे वायू होतात. साडेतीनशे-चारशेपर्यंत लाकडाच्या तीन चतुर्थांश वजनाची अशी वाफाळ फौज बाहेर पडलेली असते. चुलीत नाचते ती ज्योत या वायूंची. लाकडापासून ती किंचित अंतर राखून असते, नीट पाहिलं तर दिसतं. वायू संपले की उरतो कोळसा, आणि तो ज्योतीविना लाल होऊन जळतो. आजी भाकरी आधी तव्यावर टाकायची आणि मग निखाऱ्यापाशी उभी करायची, ती या दोन वेगळ्या आगींचा वेगवेगळा उपयोग करत होती.

आता ओल्या लाकडाचं काय बिनसतं पाहा. लाकडातून वायू निघतात, पण सोबतच्या वाफेने जागा इतकी थंड पडलेली असते की ते पेटत नाहीत. न पेटलेला वायू म्हणजेच धूर. डोळे चुरचुरवणारा, भांडी काळी करणारा, छातीत जाऊन बसणारा धूर हे खरं तर जळण आहे, न वापरताच हवेत सोडून दिलेलं. नुकत्याच विझलेल्या काटकीच्या धुराच्या रेघेला पेटती काडी लावली तर धूरच भप्पकन पेट घेतो, यावरून पटेल.

मग फांद्या वाळवायच्या कशा? इथे निसर्गाची एक सवलत आहे. लाकडातलं पाणी त्या नळ्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीच्या अंगाने, आडव्या दिशेपेक्षा दहापट तरी सहज निघतं. सालीतून तर ते फारसं निघतच नाही. सहा फुटांचा ओंडका सावलीत वर्षभर पडला तरी पोटात ओला राहू शकतो. त्याचेच हातभर तुकडे करून, जाड ते उभे फोडून, खाली दोन विटा घालून रचले तर उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत काम होतं. वाळलेला तुकडा ओळखायला यंत्र लागत नाही. टोकाला मध्यापासून कडेकडे भेगा गेलेल्या असतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणत्कार होतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. होमाच्या समिधेबद्दल शास्त्राने घातलेली अट आठवा: अंगठ्याहून जाड नको, आणि लांबी अंगठा-तर्जनी ताणल्यावर पडते तेवढी. पळस, उंबर, पिंपळ, खैर, शमी, आघाडा, रुई. झाड कोणतंही असो, माप हेच. हे नियम करणाऱ्यांनी पुण्याचा विचार केला असेल, पण असा तुकडा लवकर वाळतो आणि झटकन पेटतो हेही तेवढंच खरं.

लाकूड मात्र कितीही वाळवा, ते हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. एप्रिलच्या पुण्यातल्या कोरड्या हवेत त्याचा ओलावा 6-7 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. जुलैच्या मुंबईत, छपराखाली, पावसाचा थेंब न लागता, तो 17-18 टक्क्यांच्या खाली जाणं मुश्कील. कोकणात आगोटीच्या बेगमीत सुक्या मासळीबरोबर लाकडंही भरून ठेवतात. पण ती लाकडं माघ-फाल्गुनात तोडून वैशाखाचं ऊन खाल्लेली असतात. आणि आपली शहरं झाडं कधी छाटतात? वैशाखात! म्हणजे वाळवायचे दिवस संपत आले की नेमकं ओलं लाकूड रस्त्यावर येतं, थोड्याच आठवड्यांत त्यावर पाऊस पडतो, आणि जूनच्या अखेरीला त्या ढिगावर बुरशीच्या छत्र्या उगवतात. जळण होण्याची त्याची संधी महिना चुकल्यामुळे हुकते.

दुसरी अडचण पोकळीची. फांद्यांनी भरलेला ट्रक म्हणजे मुख्यतः हवेने भरलेला ट्रक. डिझेल जळतं ते हवा वाहून नेण्यात. म्हणून जिथे ढीग पडला तिथेच चुरा करणारं यंत्र नेणं शहाणपणाचं. त्याच चुऱ्याचा भुसा करून, वाळवून, साच्यात प्रचंड दाबाने दाबला की बोटाएवढ्या गोळ्या किंवा मनगटाएवढ्या कांड्या निघतात. वखारीत आणि कारखान्यांत त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. यात डिंक घालत नाहीत, सरस घालत नाहीत, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरं वाटत नाही. लाकडाचे तंतू झाडात एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य दाबाच्या उष्णतेने मऊ होतं आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बसतं. झाडाला उभं ठेवणारा चिकटाच कांडीलाही धरून ठेवतो.

अशा एकसारख्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीचा एक मोठा प्रयोग पुण्यातून झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बेतलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी; आधी बीपी आणि मग पुण्याची फर्स्ट एनर्जी ही कंपनी तिच्यामागे होती. खालून थोडी हवा, पंख्याने वरून थोडी हवा. वरून पेटवायची. खाली वायू तयार होतात आणि वर, निघता निघताच, जळून जातात; धूर व्हायला वेळच मिळत नाही. लाखो शेगड्या विकल्या गेल्या. शेवटी ते गणित गोळ्यांच्या किमतीपाशी अडलं, पण आग कशी हाताळावी हे त्याने दाखवून दिलं.

आणि त्याच्याही कितीतरी आधीचं, याहून देखणं यंत्र आपल्या न्हाणीघरात उभं होतं: बंब. तांब्याचा, पोटात आरपार गेलेली नळी असलेला. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर काटक्या आणि करवंट्या, सभोवती पाणी. नळी तापली की तिच्यातली हवा हलकी होऊन वर पळते, खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. पंखा नको, फुंकणी नको. आग पाण्याच्या मधोमध असल्यामुळे तिच्या उष्णतेला बाजूने निसटायला वाट नसते. उघड्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम 10-15 टक्के ऊर्जा भांड्यापर्यंत पोचते. बंबातली अर्धी उष्णता वर निघून गेली असं धरलं, तरी वीस लिटर पाणी आंघोळीजोगं कढत करायला अर्धा किलोच्या आत वाळक्या काटक्या पुरतात. गुडघ्यावर मोडतील अशा बारीक डहाळ्या, ज्यांना वखारवाला हात लावत नाही, त्या बंबाला सर्वांत मानवतात. रस्त्यावरच्या छाटणीत निघतं त्यातलं बरंचसं असंच असतं. कोल्हापूर-सांगलीकडे अजून कितीतरी घरांत सकाळी बंब पेटतो, आणि तिथे आवारातल्या आंब्या-पेरूची छाटणी कधी कचरा होत नाही.

पण प्रत्येक फ्लॅटमध्ये चूल पेटवा, असं मी मुळीच म्हणत नाही. 14.2 किलोच्या एका गॅस सिलिंडरइतकी ऊर्जा 45 किलो वाळक्या लाकडात असते हे कागदावर छान दिसतं. साध्या चुलीवर तेवढाच स्वयंपाक करायला 200 किलोंच्या आसपास लाकूड लागतं, आणि उरलेल्याचा धूर चुलीपुढे बसलेलीच्या फुप्फुसात जातो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पावाचा खमंग वास कितीही आवडता असला तरी हा आदेश योग्यच होता. त्या भट्ट्यांत बरंचसं जळायचं ते मोडक्या फर्निचरचं, रंग-रोगणाचं स्वस्त लाकूड. पालापाचोळ्याच्या ढिगाला कोपऱ्यात काडी लावणं तर आणखी वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. तरी दर हिवाळ्यात सोसायट्यांच्या मागच्या गल्लीत हा उद्योग चालतोच.

मग ही आग पेटवायची कुठे? जिथे एकच मोठी भट्टी असेल, उंच धुराडं असेल, धूर गाळायची सोय असेल तिथे. अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी सेंट पॉल नावाचं शहर आहे. हिवाळ्यात तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो. 1983 पासून शहराच्या मध्यभागातल्या इमारतींना जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी पुरवून ऊब देतात. 2003 पासून ते पाणी मुख्यत्वे शहरातल्याच छाटणीच्या, वादळात पडलेल्या, रोगाने मेलेल्या झाडांच्या लाकडावर तापतं, आणि वर 25 मेगावॅटपर्यंत वीज निघते. 2009 साली तिथल्या ॲश वृक्षांना पोखरणारा एक हिरवा भुंगेरा शहरात सापडला. अशी कीड लागलेलं लाकूड दूर नेलं तर कीडही सोबत जाते. घरचीच भट्टी असल्यामुळे पोखरलेली झाडं जवळच भस्म करता आली. स्टॉकहोमने 2017 मध्ये आणखी पुढची गोष्ट केली. नागरिकांच्या बागांतली छाटणी हवा कोंडून भाजायची, निघालेल्या वायूंवर घरं तापवायची आणि उरलेला कोळसा न जाळता रस्त्यांवरच्या झाडांच्या आळ्यांत घालायचा. तो कोळसा पाणी धरून ठेवतो आणि शेकडो वर्षं मातीत टिकतो. फांदी अशी दुसऱ्या झाडाच्या मुळाशी जाते.

आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण आपल्याकडे एक जागा आहे जिथे लाकूड रोज लागतं आणि ज्याच्याबद्दल आपण बोलत नाही: स्मशान. एका चितेला साधारण 300 किलो लाकूड जातं. अनेक नगरपालिका छाटणीतले जाड ओंडके स्मशानभूमीला देतात. आता काही ठिकाणी कांड्याही वापरल्या जातात. ओलं लाकूड चितेवर काय हाल करतं हे पावसाळ्यात अंत्यविधीला उभं राहिलेल्यांना ठाऊक आहे. वाळलेलं आणि नीट फोडलेलं लाकूड तिथे पोचवणं ही सवलतीपेक्षा सभ्यतेची बाब आहे. त्याखेरीज वसतिगृहं, धोबीघाट, बॉयलर असलेले लहान कारखाने आहेतच.

ढीग सरसकट भट्टीत घालण्यातही अर्थ नाही. पानं आणि कोवळे शेंडे खताकडे जावेत. झाडाची नत्र-पालाशाची पुंजी तिथेच असते, आणि जाळल्यावर राख करण्याखेरीज ते काही करत नाहीत. कण्हेर, पिवळी कण्हेर ही झुडपं तर कुठल्याही आगीत घालू नयेत, त्यांचं विष धुरातूनही बाधतं. खिळे, केबलच्या तारा, जाहिरातींचे पत्रे ठोकलेल्या फांद्या वेगळ्या काढाव्यात, नाहीतर चुरा करणाऱ्या यंत्राची पाती जातात. आणि जळणासाठी छाटणी, असा उलटा हिशेब कुणी मांडू लागला तर त्याला 1975 च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याची आठवण करून द्यावी. परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे.

राहता राहिला मुहूर्त. छाटणी माघ-फाल्गुनात सरकवली तर फांद्यांना अडीच-तीन महिन्यांचं कडक ऊन मिळेल, कावळ्यांची वैशाखातली घरटी वाचतील, आणि ऐन फुलोऱ्यातला गुलमोहर कापावा लागणार नाही. मे महिन्यात फक्त राहिलेल्या धोकादायक फांद्या उतरवाव्यात. याला नवा पैसा लागत नाही, निविदेतला महिना बदलावा लागतो. तेव्हा येत्या दिवाळीनंतर आपल्या सोसायटीच्या लेटरहेडवर उद्यान विभागाला एक अर्ज द्या: आमच्या रस्त्याची छाटणी फेब्रुवारीत करा, फांद्या हातभर लांबीच्या तोडा, आणि लाकूड कुठे जाणार ते लेखी कळवा.